कुस्तीआधीची गोष्ट

पोळ्याच्या करीला आमच्या केळापूर तालुक्यात गावोगाव दंगल भरायची. नदीकाठची भुसभुशीत माती बंड्यांनी आणून गायरानात टाकायची, कारण आमची काळी कपाशीची जमीन आखाड्याला कामाची नाही. ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की ढेकळं पाठीत रुततात. त्या आणलेल्या मातीत तेल, हळद, ताक घालून ती आठ-आठ दिवस उलथीपालथी करत. हे सगळं मला आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, आणि त्यांच्या धाकट्या भावाने सांगितलेलं. त्यांना आम्ही धाकटे आबाजी म्हणायचो. पोरीबायांनी दंगलीला जायचं नाही असा रिवाज होता, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर जी दंगल आहे ती या दोघा म्हाताऱ्यांनी ओसरीवर बसून उभी केलेली.

त्यांनी सांगितलेली एक कुस्ती मला पाठ आहे. पैनगंगेपलीकडून, निझामाच्या मुलखातून, एक पैलवान दरवर्षी यायचा. पाटणबोरीच्या पुढे नदी ओलांडली की हैदराबाद संस्थान सुरू व्हायचं, आणि तिकडची माणसं बाजाराला, सोयरिकीला, कुस्तीला इकडे येत. त्याची बोली निम्मी तेलुगू, निम्मी उर्दू. एका वर्षी त्याने पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये कापसाची बंडी हाकणाऱ्या एका पोराला ढाक लावून आस्मान दाखवलं आणि चांदीचं कडं घेऊन तो नदीपार गेला. पोरगा उठला, माती झटकली, आणि कोणाशी न बोलता बैल जुंपून निघाला.

पुढचं वर्षभर त्या पोराचं काय काय झालं, हे सांगताना आबाजींना भान राहत नसे. कोणी आपली म्हैस त्याच्या नावाने लावून दिली. कोणाच्या घरून लोण्याचा गोळा येऊ लागला. एका मारवाडी शेठने बदाम दिले. पहाटे तो केळापूरच्या जगदंबेपर्यंत पळत जायचा आणि देवळाच्या पायरीला हात लावून पळत परत यायचा. त्याला पळताना बघायला लोक लवकर उठू लागले. कापूस वेचायला निघालेल्या बाया त्याला हटकत, "अरे, यंदा तरी कडं आणशीन का?" आणि तो मान खाली घालून पुढे जाई. पुढल्या करीला माणूस मावेना. बंड्या उभ्या करून त्यांच्यावर पोट्टे चढले होते. आणि कुस्ती? आबाजी म्हणायचे, "पान लावून तोंडात टाकेपर्यंत निपटली. आपल्या पोट्ट्याने त्याचा पट काढला आन् खाली घेतलं. आर्धे लोक त डफडंवाल्याकडे पाहून रायले होते, त्याहिले दिसलीच नाई."

ज्यांना दिसलीच नाही त्यांचं काय झालं, असं मी विचारायची. आबाजींच्या मते तेच पुढे चाळीस वर्षं ती कुस्ती सगळ्यांत रंगवून सांगत होते. धाकट्या आबाजींचं म्हणणं वेगळं. कुस्ती चांगली दिवे लागेपर्यंत चालली, आणि हरलेल्या पैलवानाने जिंकणाऱ्याला खांद्यावर घेऊन फिरवलं असं आबाजी सांगत, ते भलत्याच वर्षी. दोघांचं यावरून दरवेळी वाजायचं. मग रझाकारांचे दिवस आले. पैनगंगा ओलांडून तिकडची माणसं पोरंबाळं घेऊन इकडे आली, आणि तो पैलवान यायचा बंद झाला. १९४८ च्या सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाली, त्यानंतरच्या एका पोळ्याला तो पुन्हा आला होता असं धाकटे आबाजी शपथेवर सांगत. आबाजी म्हणत, तो दुसराच कोणी होता. एवढं मात्र दोघांना मान्य होतं की त्या वर्षी नदीपलीकडच्या गड्यासाठी गावाने आधी टाळ्या वाजवल्या आणि कुस्ती मग लावली.

टीव्हीवरची कुस्ती लोकांनी बघावी म्हणून तिच्याभोवती कथानक रचावं लागतं का, हा प्रश्न हल्ली वरचेवर निघतो. आधी भांडण, मग आव्हान, मग विश्वासघात, मग सूड, आणि मग कुठे कुस्ती. या प्रश्नावर माझं मत ठाम आहे, आणि ते या ओसरीवर तयार झालेलं आहे. कुस्तीला गोष्ट लागतेच. गोष्टीवाचून कुस्ती म्हणजे दोन अनोळखी माणसांची झटापट, आणि ती कोणी का बघावी? पण ती गोष्ट कुस्तीच्या आधी खरोखर घडलेली असावी लागते, आणि हलगी-डफडं थांबून हाताला हात लागला की तिने आखाड्याबाहेर जाऊन उभं राहावं लागतं. बंडी हाकणाऱ्या पोराच्या गोष्टीला लेखक नव्हता. गाव ती वर्षभर जगलं. निकाल मात्र त्या दोघांच्या अंगात होता, कोणाच्या वहीत नव्हता.

आबाजींच्या वस्तादाला गामा पैलवानाचं वेड होतं. पटियाळ्याची बातमी वऱ्हाडात आली तेव्हा आबाजी लहान होते, पण वस्ताद ती आखाड्यात इतक्यांदा सांगायचे की आबाजीही ती स्वतः पाहिल्यासारखी सांगू लागले. १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टानिस्लाउस झबिस्को भिडले. झबिस्को जवळजवळ तीन तास जमिनीला चिकटून राहिला. गामाने त्याला उचलायचा प्रयत्न करायचा आणि त्याने पुन्हा पालथं पडून राहायचं. बघणारे कंटाळून गेले, कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढायचं ठरलं तर झबिस्को आलाच नाही. ते उधार राहिलेलं उत्तर सतरा वर्षांनी, १९२८ च्या जानेवारीत पटियाळ्याच्या महाराजांनी भरवलेल्या मैदानात मिळालं. हजारो माणसं जमली, आणि गामाने एका मिनिटाच्या आत झबिस्कोची पाठ लावली.

या दोन कुस्त्या शेजारी ठेवल्या की टीव्हीवाल्यांची अडचण लख्ख दिसते. खरी कुस्ती एक तर तीन तास रेंगाळते, नाहीतर डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते. कार्यक्रमाच्या ठरलेल्या वेळेत ती बसेल याची हमी कोणी द्यायची? जाहिराती कुठे टाकायच्या? अमेरिकेत ही अडचण टीव्ही येण्याच्या पुष्कळ आधी उभी राहिली होती. ४ जुलै १९१६ ला ओमाहा शहरात जो स्टेकर आणि एड ‘स्ट्रँगलर’ लुईस सुमारे पाच तास लढले आणि निकाल काहीच लागला नाही. पुढे १९२० च्या दशकात त्याच लुईसने बिली सँडो आणि टूट्स माँट यांच्यासोबत कुस्तीची बांधणीच बदलली. वेळ ठरलेली, डाव डोळ्यांत भरणारे, शेवट आधी ठरलेला. मग टीव्ही आला आणि गॉर्जस जॉर्ज नावाचा गडी सोनेरी केस कुरळे करून, भरजरी झगा घालून, आपल्या नोकराकडून रिंगणात अत्तर फवारून घेऊन उतरू लागला. त्याचा राग येणारे लोकच त्याला बघायला सर्वांत जास्त बसायचे. त्या माणसांनी कुस्तीची अनिश्चितता विकली आणि बदल्यात भरवशाचा प्रेक्षक घेतला. धंदा म्हणून त्यांचा हिशेब चुकला नाही, हे कबूल करायलाच हवं.

आमच्या घरात हा वाद आला तो धाकट्या आबाजींसोबत. ते जिनिंगमध्ये दिवाणजी होते, आणि गाठींच्या व्यवहारासाठी शेठसोबत त्यांचं मुंबईला जाणं व्हायचं. पन्नासच्या दशकात तिथल्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये त्यांनी दारासिंग आणि किंग काँगची फ्री स्टाईल कुस्ती पाहिली. परत आल्यावर महिनाभर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. किंग काँग म्हणजे हंगेरीत जन्मलेला, देशोदेशी फिरणारा एमिल चाया. दोनशे किलोंच्या घरातला देह, दाढी, आणि रिंगणात आल्या आल्या लोकांवर गुरगुरणं. तो न्याहरीला काय काय खातो याच्या बातम्या आधी छापून येत. धाकटे आबाजी सांगत, "दारासिंगाने त्याले खांद्यावर घेतलं आन् गरगर फिरवलं, तवा शेजारचा पारशी बुवा खुर्चीवर उभा रायला होता!"

आबाजी हे ऐकून घ्यायचे आणि एकच विचारायचे, "तो पडला, का पाडून घेतलं त्याने?"

धाकट्या आबाजींनी या प्रश्नाला कधी बगल दिली नाही. ते म्हणायचे, "दादा, तिथं बसल्यावर मले ते सुचलंच नाई." यावर आबाजी काही बोलायचे नाहीत. मला वाटतं, धाकट्या आबाजींच्या या उत्तरात रचलेल्या कुस्तीची सगळी ताकद आहे, आणि तिला हिणवणाऱ्यांनी ती नीट समजून घेतली पाहिजे. रिंगणातल्या माणसांचं अंग खरंच आपटत असतं, घाम खरा असतो, अवजड माणसाला खांद्यावर तोलायला खरीच ताकद लागते. आणि दारासिंग काही नुसता नट नव्हता. १९५४ ला तो रुस्तुम-ए-हिंद झाला, १९६८ च्या मे महिन्यात मुंबईत त्याने लू थेझला हरवून जगज्जेतेपद घेतलं. मधल्या काळात ‘किंग काँग’ आणि ‘फौलाद’ सारखे त्याचे सिनेमे टूरिंग टॉकीजमधून आमच्या भागात पोचले, आणि ज्याने कधी लंगोट बांधला नाही अशा माणसालाही दारासिंग ठाऊक झाला.

आबाजींचा विरोध मावळला तो १९८७ मध्ये, आणि तो कसा मावळला हे मी सात वर्षांची असताना पाहिलं. दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू होतं. आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी, आणि रविवारी सकाळी त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. हनुमान पडद्यावर आला. धाकटे आबाजी आबाजींच्या कानाशी लागून म्हणाले, "दादा, वळखलं का? दारासिंग." आबाजींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. डोक्यावरची टोपी नीट केली आणि दोन्ही हात जोडले. ज्या माणसाच्या कुस्तीला त्यांनी तीस वर्षं तमाशा म्हटलं, त्याच्यापुढे आखाड्यातल्या मारुतीपुढे जोडावेत तसे हात जोडले. घरी परतताना ते एवढंच बोलले, "देह पाह्यला का त्याचा? मातीतला हाय." त्यानंतर दारासिंगाविरुद्ध त्यांनी शब्द काढला नाही.

आता आजीकडे येते, कारण या विषयातली खरी जाणकार तीच होती. साठ वर्षं तिने दंगलीच्या नुसत्या गोष्टी ऐकल्या. नव्वदच्या दशकात पांढरकवड्यात केबल आली. घरोघर तारा लोंबू लागल्या आणि त्यांतून डब्ल्यूडब्ल्यूएफची अमेरिकी कुस्ती आली. माझे चुलतभाऊ अंडरटेकर, योकोझुना, ब्रेट हार्टची ट्रम्प कार्डं जमवायचे, उंची आणि वजनावरून एकमेकांची कार्डं जिंकायचे. आजी त्यांच्या मागे पलंगावर बसून वाती वळायची. तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. पण दुसऱ्या आठवड्यात ती विचारायला लागली, "हा टकल्या काऊन मांगून येऊन मारून रायला? मांगल्या खेपेले त ह्याचा दोस्त होता ना?" कोण कोणाशी दगा करतोय, कोणाचा वचपा बाकी आहे, पंच कोणाकडून फुटलाय, हे तिला चालण्यावरून, नजरेवरून, आत येतानाच्या वाजंत्रीवरून कळायचं. अंडरटेकर अंधारातून घंटेच्या आवाजात यायचा तेव्हा ती वातींचं ताट बाजूला सारायची.

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, शहाणपणाचं वय. मी तिला सांगितलं की हे सगळं ठरवलेलं असतं. तिने वात वळता वळता म्हटलं, "कीर्तनात त रामच जितते, ते काय आधी ठावं नसते का मले?"

डब्ल्यूडब्ल्यूएफची कुस्ती ठरवलेली असते हे तिच्या मालकांनीही कबूल केलं होतं. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे त्या कंपनीने स्वतःच सांगितलं होतं की आमचा खेळ हा खेळ नसून मनोरंजन आहे. तसं कबूल केलं की सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टळत होते. कबुलीनंतर प्रेक्षक पांगले नाहीत. आजी बरोबर होती. आधी ठाऊक असलेली गोष्टही लोक मन लावून बघतात.

पण आजीचीच दुसरी बाजू आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. दूरदर्शनवर कधी खऱ्या कुस्त्या लागायच्या. निळ्या आणि लाल कपड्यातले दोन पैलवान गादीवर येत, पंच शिटी वाजवी, कोपऱ्यात आकडे बदलत. आजी पुढे सरसावून बसे आणि विचारी, "कोनाचा पोट्टा हाय हा?" कोणालाच सांगता येत नसे. नाव येई, राज्य येई, वजन येई. तो कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, याआधी या दोघांची गाठ पडली होती का, घरी कोण असतं, यातलं काही येत नसे. हा एक गुण त्याला का मिळाला हेही कोणी सांगत नसे. दोन मिनिटांत आजी वातींकडे वळे. आबाजींच्या दंगलीतल्या प्रत्येक पोराचं सात पिढ्यांचं ठाऊक असलेली ही बाई. त्या कुस्तीत लढत होती, ताकद होती, खरा निकाल होता, आणि एवढं असूनही बघणाऱ्याला आत घ्यायला दार नव्हतं. अमेरिकेतल्यांनी दार मोठं बांधलं, आत मात्र सगळं भिंतीवर चितारलेलं होतं. आपल्याकडे आत सोनं होतं, दार बांधायचं राहिलं.

मैदानात ते दार निवेदक उघडतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या मोठ्या मैदानांत शंकर पुजारींसारखा निवेदक माइक हातात घेतो, तेव्हा दोन पैलवान सलामी देईपर्यंत गर्दीला दोघांचंही सगळं कळलेलं असतं: गाव, तालीम, बापाचा धंदा, गेल्या जत्रेत काय झालं. घिस्सा लागला तर घिस्सा, एकलांगी लागली तर एकलांगी, डाव लागायच्या क्षणी त्याचं नाव कानावर येतं आणि नवखा माणूसही दोन तासांत डाव ओळखायला लागतो. निवेदक एकही खोटी गोष्ट सांगत नाही. त्याला ती रचायची गरज पडत नाही, कारण त्याने माणसं लक्षात ठेवलेली असतात. टीव्हीने कथानकं लिहिणाऱ्यांच्या आधी अशा निवेदकांना बोलावायला हवं होतं.

प्रयत्न झाले. २०१८ मध्ये झी टॉकीजने महाराष्ट्र कुस्ती दंगल नावाची लीग भरवली. सहा संघ, सिनेमातले कलाकार संघमालक, झगझगीत दिवे. त्यातल्या एका संघाचं नाव होतं ‘विदर्भाचे वाघ’. आमच्या पांढरकवड्यात त्या सुमारास वाघ हा शब्द फार वेगळ्या अर्थाने पोहोचलेला होता. बोराटी-सराटीकडच्या जंगलात टी-१ वाघिणीचा शोध चालू होता, तिच्या हल्ल्यांत माणसं गेल्याने शेतावर जायला लोक धजत नव्हते, आणि देशभरातल्या वाहिन्यांच्या गाड्या आमच्या रस्त्यांवर उभ्या होत्या. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली गेली. त्या महिनाभरात मी जवळून पाहिलं की कॅमेऱ्याला नायक आणि खलनायक किती घाईने लागतात. एका वाहिनीवर वाघीण बिचारी आई होती, दुसरीवर नरभक्षक. बोराटीतला दुपारच्या उन्हात एकटा कापूस वेचणारा माणूस दोन्हीकडे नव्हता. रचलेल्या कथानकाची भीती मला वाटते ती यामुळे. ते खऱ्या माणसाला आपल्या मापात कापून घेतं. त्या कुस्ती लीगमध्ये चांगले पैलवान होते, लढतीही चांगल्या झाल्या. पण संघ लीगपुरते जुळवलेले होते, आणि वऱ्हाडातल्या कोणी म्हशीचं दूध घालून त्या पोरांना वाढवलेलं नव्हतं. लोकांनी कौतुकाने पाहिलं आणि सोडून दिलं.

याउलट खाशाबा जाधवांचं पाहा. १९५२ च्या हेलसिंकीची कुस्ती महाराष्ट्रात कोणीच पाहिली नाही, टीव्ही नव्हताच. पण जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा लोकांनी वर्गणी दिली होती, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन खाशाबा कराडला उतरले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या होत्या. त्या गाड्यांत बसलेल्यांना ही कुस्ती आपलीच वाटत होती. तिच्यात त्यांचे पैसे होते.

आणि ही गोष्ट जुन्या काळातच घडते असंही नाही. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडला बाहेरली टांग लावल्याचे चार गुण मिळाले आणि सिकंदर शेख हरला. डाव पुरा लागला होता की नाही, यावर महाराष्ट्र पेटला. मोबाइलवर तो तुकडा मागेपुढे करून, थांबवून थांबवून बघणारी माणसं मी आमच्या चहाच्या टपरीवर पाहिली. त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात मैदान पाहिलेलं नव्हतं. काहींनी त्यात धर्म घुसवला, ते वाईट झालं. पण बहुतेकांना लागलं होतं ते एवढंच की मोहोळच्या एका हमालाचा पोरगा, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला, याच्यावर अन्याय झाला. दहा महिने ही गोष्ट कोणी न लिहिता वाढत गेली. नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळ फुलगावला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत सिकंदर आला, समोर जानेवारीचा महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षे. अर्ध्या मिनिटाच्या आत सिकंदरने कुस्ती मारली. ज्याने चहाचा कप खाली ठेवायला मान वळवली त्याची ती चुकली, आणि टपरीवर कोणी तक्रार केली नाही. मला त्या दिवशी आबाजींची फार आठवण झाली. पटियाळा, करीचा आखाडा आणि फुलगाव, तिन्ही ठिकाणी आधीचा काळ लांब आणि कुस्ती एवढीशी.

खऱ्या गोष्टीला धोकाही असतो, हे त्याच स्पर्धेने दाखवलं. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला उपांत्य लढतीत पंचांचा निर्णय न पटून राक्षेने पंचाला लाथ मारली, त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. रचलेल्या कुस्तीत पंचाला मारणं हा रोजचा प्रसंग, तिथे त्याने खेळ रंगतो. इथे त्याने खेळच मोडतो. पृथ्वीराज मोहोळ त्या रात्री महाराष्ट्र केसरी झाला, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे लाथेचीच चर्चा. लाथेची चित्रफीत वाहिन्यांनी दिवसभर फिरवली. मोहोळने अंतिम फेरीत गायकवाडशी काय केलं, हे मला शोधून बघावं लागलं. वाहिन्यांनी निवड करायची असते ती इथे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, ऑलिंपिक चालू असताना, मी पांढरकवड्याला आईकडे होते. आई कधी कुस्ती बघत नाही. पण जंतरमंतरवर आंदोलनाला बसलेल्या आणि रस्त्यावर फरफटत नेल्या गेलेल्या कुस्तीगीर पोरींची चित्रं तिने आदल्या वर्षी पाहिली होती, आणि विनेश फोगाट हे नाव तिच्या मनात घर करून होतं. ६ तारखेला दुपारी विनेशची लढत जपानच्या युई सुसाकीशी. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर एकदाही न हरलेली, टोकियोची सुवर्णपदकवाली. शेवटची काही सेकंद उरेपर्यंत विनेश दोन गुणांनी मागे होती. आईला गुण कळत नव्हते, तिने माझं मनगट धरलं होतं. विनेशने सुसाकीला खाली घेतलं आणि आईच्या नखांच्या खुणा माझ्या हातावर संध्याकाळपर्यंत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विनेशचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरल्याची बातमी आली. आई दिवसभर चिडलेली होती, आणि शेजारणी येऊन वजनाचे नियम एकमेकींना समजावत होत्या. पन्नास किलो गटाचे नियम, आमच्या गल्लीत!

९ तारखेच्या रात्री मी तिला म्हटलं, आज अमन सेहरावतची कांस्यपदकाची कुस्ती आहे. ती म्हणाली, तो कोण? मी सांगायला बसले. हरियाणातल्या बिरोहर गावचा, अकराव्या वर्षापर्यंत आईबाप दोन्ही गेले, एकवीस वर्षांचा आहे, दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये वाढला. उपांत्य फेरीत हरल्यावर वजन वाढलेलं निघालं, तर रातोरात दहा तासांत साडेचार किलोंहून जास्त उतरवलं. गट सत्तावन्न किलोंचा, खाशाबांचाही सत्तावन्नचाच होता. आणि छत्रसालचे गुरू म्हणजे सत्पाल.

"सत्पाल?" आई ताठ बसली. "आबाजी ज्याच्या नावाने बोटं मोडत तो सत्पाल?"

तोच. सत्तरच्या दशकात महाराष्ट्राच्या मल्लांना जड गेलेला, आणि बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदारांनी ज्याला चितपट केलं तो. ती बातमी पेपरात आली तेव्हा आबाजींनी गल्लीत पेढे वाटले होते, असं आईने मला सांगितलं. हे मला ठाऊक नव्हतं. तिचं नवीनच लग्न झालेलं, सासऱ्यांनी पेढे कशाचे वाटले हे तिला विचारायचा धीर झाला नव्हता.

अमन तेरा-पाचने जिंकला. आई पूर्ण सहा मिनिटं बसली, मधे एकदा "पाय सोडू नको" असं मोठ्याने म्हणाली. मग म्हणाली, सत्पालचा असला तरी पोरगा गुणाचा आहे, आणि याची पुढली कुस्ती कधी ते मला आधी कळव, मग सांगितलंस तर स्वयंपाकात जाते माझी वेळ.